डिस्चार्ज बुकात नसलेला रकाना

खानदेशात फौजेतून परतलेला माणूस कोणत्याही हुद्द्यावरून परतलेला असो, गाव त्याला ‘मेजर’ म्हणतं. नाईक असला तरी मेजर, हवालदार असला तरी मेजर. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याजवळची खुर्ची त्याची, बांधाचं भांडण वाढलं की मध्यस्थीला बोलावणं त्यालाच. सरकारदरबारी मात्र त्याची ओळख कागदांवर चालते. पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड, कँटीन कार्ड आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेलं डिस्चार्ज बुक. सैनिक कल्याण कार्यालयात जळगावला जा नाहीतर धुळ्याला, आधी तेच मागतात. त्यात भरतीची तारीख असते, ट्रेड म्हणजे फौजेत नेमून दिलेलं काम असतं, पदकं असतात, अंगावरची ओळखखूण असते, वर्तणुकीचा शेरा असतो. नोकरीच्या पंधरा-वीस वर्षांत हा माणूस कोणत्या धुळीत आणि कोणत्या धुरात राहिला, हे सांगणारा रकाना त्यात नसतो. तो असला पाहिजे, आणि त्याची सुरुवात ॲस्बेस्टॉसपासून झाली पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

ॲस्बेस्टॉसपासूनच का? गोळी लागली, बर्फाने बोटं गेली, स्फोटाने कान गेला, तर त्याच दिवशी कागद तयार होतो. ॲस्बेस्टॉसचं तसं नाही. तो आज श्वासात जातो आणि आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उभा राहतो. तोवर युनिट बदललेली असते, जहाज भंगारात गेलेलं असतं, सोबतचे लोक देशभर पांगलेले असतात, आणि आपला मेजर चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या गावात कपाशीला पाणी भरत असतो. अशा आजारात पुरावा म्हणून फक्त जुनी नोंद उरते. ती नसेल तर काहीच उरत नाही.

ॲस्बेस्टॉस हा मुळात खडक आहे. केसाहून कितीतरी बारीक तंतूंचा बनलेला. पांढरा, तपकिरी आणि निळा हे त्याचे बाजारात चाललेले मुख्य प्रकार. तो जळत नाही, सडत नाही, उष्णता अडवतो आणि स्वस्त पडतो. आग ही जहाजावरची सगळ्यात मोठी भीती, त्यामुळे विसाव्या शतकातल्या नौदलांनी तो हात सैल सोडून वापरला. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाणाऱ्या प्रत्येक गरम नळीला ॲस्बेस्टॉसचं जाड वेष्टण असायचं. त्याला लॅगिंग म्हणतात. जहाज सतत थरथरतं, नळ्यांचे जोड गळतात, दुरुस्तीला माणूस येतो आणि पहिलं काम करतो ते वेष्टण फोडण्याचं. बंदिस्त इंजिनरूम, वर पंखा फिरतोय, खाली पांढरी भुकटी उडतेय. काम संपल्यावर झाडू मारायचा तोही कोरडा. नळ्या फक्त इंजिनरूममध्येच नव्हत्या, खलाशांच्या झोपण्याच्या जागांमधूनही जायच्या. म्हणजे स्टोकर, बॉयलर सांभाळणारा खलाशी, कामावर जी धूळ घ्यायचा, तिचा थोडा वाटा स्वयंपाकी आणि सिग्नलवाला झोपेत घ्यायचे.

समुद्र आपल्यापासून लांब, तापी सुरतेपलीकडे जाऊन त्याला मिळते एवढाच आपला त्याच्याशी संबंध, असं कोणी म्हणेल. पण भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोराला समुद्र लांब नसतो. आणि नौदलात गेला नाही तरी तो सुटला असं नाही. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या ज्यांनी दुरुस्त केल्या, त्या ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेच्या, मेकॅनिकांना विचारा. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असणं हा जगभरचा रिवाज होता. ड्रम उघडला की आत काळसर धूळ साचलेली असायची, ती कॉम्प्रेसरची हवा मारून उडवायची ही सगळीकडची पद्धत. गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ बसतं तशी ती धूळ मेकॅनिकच्या चेहऱ्यावर बसायची. मग लायनरला कानस मारून तो बसता करायचा. संध्याकाळी तीच डांगरी घरी जायची, आणि क्वार्टरमध्ये बायको ती झटकून धुवायची. कामगाराचे कपडे धुऊन बायकोला मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात अनेक देशांतून नोंदलेल्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा फक्त गणवेशातल्या माणसापुरता राहत नाही.

तिसरी जागा म्हणजे छप्पर. छावण्यांतल्या बराकी, स्टोअर, कुकहाउस, गाड्यांचे शेड यांवरचे सिमेंटचे पत्रे. खानदेशी माणसाला हा पत्रा नवा नाही. धाब्याची घरं गेली, त्यांच्या जागी सिमेंटचा पत्रा आला, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर गेला की त्याच्याखाली माणूस कसा शिजतो हे भुसावळकराला वेगळं सांगायला नको. त्या पत्र्यात सिमेंटबरोबर पांढरा ॲस्बेस्टॉस असतो. इथे उगाच घबराट नको. शाबूत पत्रा डोक्यावर आहे म्हणून कोणी आजारी पडत नाही, कारण तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. धोका पत्रा कापताना, त्याला भोकं पाडताना, वादळात तो फुटल्यावर, आणि जुना होऊन त्याचा वरचा थर भुरभुरू लागल्यावर. बराकीचं छप्पर उतरवायला फटीगवर, म्हणजे अंगमेहनतीच्या ड्यूटीवर, कोण असतो? जवानच. त्याला मास्क कोणी दिला होता का, हा प्रश्न आज विचारला तर बहुतेक मेजर हसतील.

छातीत गेलेल्या तंतूचं काय होतं? शरीराला तो विरघळवता येत नाही. पेशी त्याला गिळायला जातात आणि स्वतः मरतात, तिथे सूज येते, सुजेच्या जागी व्रण येतो. असे व्रण साठत गेले की फुप्फुस चिवट होतं, फुगत नाही. हा ॲस्बेस्टॉसिस. याशिवाय फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या आवरणाचा कर्करोग. मेसोथेलिओमा एरवी इतका दुर्मीळ आहे की तो सापडला की डॉक्टरने पहिला प्रश्न ॲस्बेस्टॉसबद्दल विचारावा. निदान झाल्यावर बहुतेक रुग्ण वर्ष-दीड वर्षाच्या आसपास जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पांढऱ्यासकट, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. विडी-सिगारेटचा हिशेब त्यात वेगळा मिसळतो. अमेरिकेत १९७९ साली आलेल्या अभ्यासात, नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने दहापट, आणि दोन्ही एकत्र असतील तर पन्नासपटीच्या घरात जातो असं दिसलं. मेसोथेलिओमाला मात्र विडीचं निमित्त चालत नाही. तो न ओढणाऱ्यालाही तसाच होतो.

हे सगळं आत्ता कळलं, तेव्हा कोणाला माहीत होतं, अशी सबब नेहमी पुढे येते. ती खरी नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या नेली केरशॉ नावाच्या कामगार बाईचा मृत्यू १९२४ साली झाला आणि तिच्या फुप्फुसांवरून ॲस्बेस्टॉसचा आजार वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारपुढे अहवाल आला, १९३१ मध्ये कारखान्यांसाठी धूळ रोखण्याचे नियम झाले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वॅगनर आणि सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण छापले. त्यांत खाणीत कधीही काम न केलेले, नुसते आसपास राहिलेले लोकही होते. पुढच्याच वर्षी, ४ मार्च १९६१ रोजी, बेलफास्टमध्ये आयएनएस विक्रांत आपल्या नौदलात दाखल झाली.

विक्रांतचं नाव मी मुद्दाम घेतो आहे. तिचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धातला, ब्रिटिश, वाफेवर चालणारा. त्या काळच्या अशा जहाजात ॲस्बेस्टॉस नसतं तर ते नवल. त्याच १९६१ मध्ये फ्रान्सची क्लेमान्सो ही विमानवाहू नौका सेवेत आली. चव्वेचाळीस वर्षांनी, २००५ च्या अखेरीस, तीच क्लेमान्सो तोडण्यासाठी तुलाँहून गुजरातेतल्या अलंगकडे ओढत निघाली तेव्हा तिच्यात किती टन ॲस्बेस्टॉस उरलंय यावर वादळ उठलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भारतीय हद्दीत यायला मनाई केली. फेब्रुवारी २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांना ती परत बोलवावी लागली, आणि शेवटी ती इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तोडली गेली. आपण ताठ मानेने सांगितलं की तुमचा विषारी कचरा आमच्या मजुरांच्या माथी मारू नका. बरोबरच केलं. पण आपली विक्रांत १९९७ पर्यंत चालली, नंतर बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये मुंबईतच दारूखाना भागातल्या जहाजतोडणीच्या जागी तुटली. १९५९ सालची, मूळची ब्रिटिश हर्मिस असलेली विराट १९८७ ते २०१७ आपल्याकडे होती, नंतर अलंगला गेली. या जहाजांच्या बॉयलररूममध्ये ज्यांनी आयुष्याची उमेद घालवली त्या खलाशांच्या फुप्फुसांबद्दल एक तरी सार्वजनिक प्रश्न उठल्याचं मला आठवत नाही. फ्रेंच जहाजातला ॲस्बेस्टॉस आपल्याला दिसला, स्वतःच्या जहाजातला दिसला नाही.

बाकीच्यांनी काय केलं ते थोडक्यात. त्यांचा इतिहासही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावाच लावता येत नव्हता. १९८७ मध्ये ती अट गेली, पण मागच्या काळासाठी नाही. म्हणजे साठच्या दशकात जहाजावर धूळ खाल्लेला खलाशी दाव्यापासून वंचितच, आणि त्याच गोदीत शेजारी काम केलेला नागरी कामगार मात्र भरपाई घेऊन गेला. हा भेद इतका उघडा पडला की २०१६ पासून मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १ लाख ४० हजार पौंडांची एकरकमी मदत घेण्याचा पर्याय द्यावा लागला. अमेरिकेत नौदलप्रमुख राहिलेले ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट २००० साली मेसोथेलिओमानेच गेले. तिथल्या माजी सैनिक विभागाने नौदलातल्या कामांची एक यादी ठेवली आहे. कोणत्या कामात ॲस्बेस्टॉसचा संपर्क संभवतो, कोणत्यात तो जवळजवळ नक्की, हे त्यात लिहिलेलं आहे. दावा करणाऱ्याला डॉक्टरचा कागद आणावाच लागतो, पण ‘मी बॉयलरजवळ होतो’ हे सिद्ध करायला चाळीस वर्षांपूर्वीचा साक्षीदार शोधत हिंडावं लागत नाही. त्याचा ट्रेडच साक्ष देतो. मला त्यांच्या व्यवस्थेतली हीच एक गोष्ट उचलण्यासारखी वाटते.

आता आपल्या कायद्याकडे या. ॲस्बेस्टॉसबाबत आपल्याकडे काहीच नाही असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात ॲस्बेस्टॉसिस हा कळवणं बंधनकारक असलेला आजार होता. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात तो व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये या दोन्ही कायद्यांची जागा नव्या संहितांनी घेतली. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या ग्राहक संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं, आणि ॲस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तोवर जपा. हा फार शहाणा आदेश होता. आजार उशिरा येतो, म्हणून कागद उशिरापर्यंत राहिला पाहिजे, हे न्यायालयाने ओळखलं.

पण ते दोन्ही जुने कायदे उघडून व्याख्येचं कलम वाचा. कारखाना कायद्यात कामगार कोण ते सांगून झाल्यावर शेवटी लिहिलंय की संघराज्याच्या सशस्त्र दलांचा सदस्य यात येत नाही. नुकसानभरपाईच्या कायद्यातही तेच. २०२० च्या व्यवसायसुरक्षा संहितेतही लष्कर, नौदल, हवाई दलाच्या कायद्यांखाली असलेली माणसं बाहेर. यामागे तर्क नाही असं मी म्हणत नाही. फौज म्हणजे कारखाना नव्हे, तिथे शिस्तीचा वेगळा कायदा आहे, वेगळी पेन्शन आहे, वेगळी इस्पितळं आहेत. ठीक आहे. पण मग जे संरक्षण इथून काढून घेतलं ते तिथे तरी असायला हवं ना? एकाच डॉकयार्डात नागरी फिटर आणि नौदलाचा खलाशी एकाच नळीवर काम करत असतील, तर फिटरच्या आजाराचं नाव कायद्याच्या यादीत आहे आणि खलाशाला ते नव्याने पटवून द्यायचं आहे.

पटवून देणं किती अवघड आहे ते पाहा. जवान पस्तीस-चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. जाताना रिलीज मेडिकल बोर्ड होतो, छातीचा फोटो निघतो. ॲस्बेस्टॉस तोवर बहुधा काहीच दाखवत नाही. बोर्ड त्याला ‘शेप-वन’ लिहितं, म्हणजे सर्वांगाने तंदुरुस्त, आणि तोही तो शेरा अभिमानाने घरी आणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सैनिकांच्या बाजूने मोठा निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरा, आणि वैद्यकीय कारणाने तो बाहेर पडला तर आजार सेवेमुळेच झाला असं माना, नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करावं. या निकालाने हजारोंना अपंगत्व पेन्शन मिळायला मदत झाली. पण त्यातली अट वाचा. वैद्यकीय कारणाने बाहेर पडला तर. शेप-वन होऊन बाहेर पडलेल्याला हे गृहीतक लागू पडत नाही. उलट तोच शेरा पुढे त्याच्याविरुद्ध वाचला जातो, की तुम्ही तर ठणठणीत गेला होतात. सेवेतल्या परिस्थितीने उशिरा उभ्या राहिलेल्या आजाराचा विचार नियमांत अजिबात नाही असं नव्हे, पण तो निवृत्तीनंतर थोड्या वर्षांत दिसणारा आजार डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. तीस वर्षांनी येणाऱ्याचं तिथे काय होणार?

आणि हे सगळं नंतरचं. आधी निदान व्हायला हवं. समजा, अमळनेर तालुक्यातला एक निवृत्त स्टोकर आहे, वय पासष्ट-सत्तर. शेतातून घरी येताना थांबावं लागतं. ‘माले दम लागस’ एवढंच तो सांगतो. घरचे वयावर ढकलतात. मग एक दिवस श्वासच पुरत नाही, फोटोत एका बाजूला पाणी दिसतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव टीबीचं येतं, आणि दहातल्या बहुतेक वेळा ते चूकही नसतं. गोळ्या सुरू होतात. पाणी काढतात, पुन्हा भरतं. पुन्हा काढतात. सहा महिने जातात. मग कोणीतरी म्हणतं मुंबईला न्या. चारशेहून जास्त किलोमीटर, रात्रीची गाडी, सोबत एक मुलगा रजा टाकून. टाटाला किंवा नौदलाच्या अश्विनी इस्पितळात बायोप्सी होते, तेव्हा कुठे मेसोथेलिओमा हे नाव घरात येतं. गावात त्याचा उच्चार नीट कोणाला जमत नाही, म्हणून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत जाताजाता तो ‘फुप्फुसाचा कॅन्सर’ होतो, कधी नुसतं ‘श्वास बंद पडून’. या प्रवासात कोणीही त्याला विचारलेलं नसतं, की आबा, नेव्हीत तुम्ही नेमकं काय काम करत होतात?

डॉक्टरांना दोष देण्यात फार अर्थ नाही. ओपीडीत दीडशे माणसं असताना चाळीस वर्षांपूर्वीची नोकरी कोण खणत बसणार? हातात डिस्चार्ज बुक असतं, त्यात ‘ॲस्बेस्टॉस संपर्क: संभवनीय’ अशी एक ओळ असती, तर ते खणण्याचं काम दहा सेकंदांचं झालं असतं. आणि पहिलं पाणी काढलं तेव्हाच बायोप्सीचा विचार झाला असता. मेसोथेलिओमा त्याने बरा झाला असता असं नाही. पण सहा महिने चुकीच्या गोळ्यांत गेले नसते, आणि बायकोच्या हातात निदान खरा कागद पडला असता.

भुसावळ पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. इथे रेल्वे आहे, भुसावळ आणि वरणगाव असे दोन आयुध कारखाने आहेत, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे. पस्तिशीत परतलेला फौजी घरी बसत नाही. कोणी डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणं राखणाऱ्या सुरक्षा दलात, पुन्हा उभा राहतो, कोणी कंत्राटदाराकडे फिटर होतो, कोणी सिक्युरिटीत. बॉयलर आणि वाफेच्या नळ्या जिथे जुन्या काळातल्या, तिथे जुन्या काळातलं लॅगिंगही असू शकतं. म्हणजे आजार उभा राहिला की फौज म्हणणार नंतरच्या नोकरीत लागला असेल, नंतरचा मालक म्हणणार फौजेतून घेऊन आला असेल. दोघांनाही खोटं पाडता येत नाही, कारण कोणता तंतू कुठला हे कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे २००२ मध्ये, फेअरचाइल्ड प्रकरणात, हाच पेच आला होता. त्यांनी ठरवलं की ज्या ज्या मालकाने धोका वाढवला तो तो जबाबदार, नेमका तंतू कोणाचा हे पीडिताने सिद्ध करत बसू नये. हे तत्त्व आपल्याकडे आलं तरी प्रत्येक नोकरीतला संपर्क कुठेतरी लिहिलेला लागेलच. फिरून गाडी नोंदीपाशीच येते.

यावर काही आक्षेप येतील, त्यांतला एक गंभीर आहे. भारतात ॲस्बेस्टॉसने किती सैनिक आजारी पडले याचा आकडा आहे का? आकडा नसताना एवढा खटाटोप कशासाठी? मी उलट विचारतो, आकडा येणार कुठून? ज्याची नोंद नाही त्याची मोजणी होत नाही, मोजणी नाही म्हणून प्रश्न नाही, आणि प्रश्न नाही म्हणून नोंदीची गरज नाही, असं हे स्वतःभोवती फिरणारं रहाट आहे. ते कुठेतरी हाताने थांबवावं लागेल. दुसरा आक्षेप उद्योगाचा: पांढरा ॲस्बेस्टॉस काळजी घेऊन वापरला तर धोक्याचा नाही. साठहून अधिक देशांनी हे ऐकून घेतलं आणि तरी बंदी घातली. युरोपीय संघाने २००५ पर्यंत, कॅनडाने, जो स्वतः खाणी चालवून जगाला माल विकायचा त्याने, २०१८ मध्ये. आपण खाणींचे परवाने थांबवले आणि माल रशिया, कझाकस्तान, ब्राझीलकडून आणतो. त्यातल्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वापर घटनाबाह्य ठरवला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे बंदीची मागणी आली होती, ती २०११ मध्ये फेटाळली गेली. बंदीवर माझं मत स्पष्ट आहे, ती हवी. पण बंदी उद्या आली तरी १९७५ साली आत गेलेला तंतू बाहेर येणार नाही. म्हणून या लेखात मी तिच्यासाठी भांडत बसलो नाही.

तिसरा आक्षेप फौजी मंडळींचाच असतो, आणि तो ऐकताना मला कसंतरी होतं. ‘गोळीला भ्यायलो नाही, धुळीला काय भ्यायचं?’ भीतीचा हा प्रश्नच नाही. गोळीचा धोका त्याने माहीत असताना पत्करला होता, शपथ घेऊन. धुळीचा धोका त्याला कोणी सांगितलाच नव्हता. जो धोका सांगितला नाही, त्याला शौर्याच्या खात्यात कसं टाकायचं?

करायचं काय, तर मोठं काही नाही. संरक्षण मंत्रालयाने ट्रेडवार यादी करावी: वाफेच्या जहाजांवरचे इंजिनरूमवाले, जहाजाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारे शिपराइट, ईएमईचे गाडी मेकॅनिक, बॉयलर सांभाळणारे, बराकी पाडणाऱ्या आणि उभारणाऱ्या तुकड्या. या यादीतल्या माणसाला मेसोथेलिओमा किंवा ॲस्बेस्टॉसिस झाला तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरावं, निवृत्तीला कितीही वर्षं झालेली असोत. ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये साठीपुढच्या प्रत्येकाच्या केसपेपरवर ट्रेड आणि युनिट लिहावं. १९९५ च्या आदेशातली ४० वर्षांची मुदत सैनिकांना लावावी, आणि माझ्या मते ती ६० करावी. १९७० मध्ये अठराव्या वर्षी भरती होऊन १९८५ ला परतलेल्या खलाशाचा कागद त्या आदेशाप्रमाणे २०१० पर्यंत ठेवायचा. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा असतो. मेसोथेलिओमाच्या हिशेबाने ते काही उशिराचं वय नाही.

यातलं थोडं तर मंत्रालयाची वाट न पाहता होईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या याद्या आहेत, मेळावे भरतात, तिथे पेन्शनच्या तक्रारी ऐकल्या जातात. त्याच टेबलावर आणखी एक फॉर्म ठेवता येईल: कोणतं जहाज, कोणतं वर्कशॉप, किती साल ते किती साल, सोबत कोण होतं. सत्तरीतल्या माणसांच्या आठवणी अजून शाबूत आहेत. सोबत्यांची नावं त्यांना पत्त्यासकट पाठ असतात. ती लिहून घ्यायला पाच वर्षं उशीर केला तर लिहून देणारे कमी झालेले असतील.

आणि चार वर्षांसाठी भरती होणारे अग्निवीर. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेली, म्हणजे चार वर्षांचा हिशेब २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतो. त्यांतले पंचवीस टक्क्यांपर्यंत ठेवून घेतले जातील, बाकीची पोरं जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत परततील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. त्यांच्या वाट्याला वाफेची जहाजं आली नाहीत हे खरं, पण जुन्या बराकींचे पत्रे आलेच असतील, आणि त्यांनी ते उतरवलेही असतील. त्यांचे सुटकेचे कागद अजून तयार व्हायचे आहेत. रकाना वाढवायचा असेल तर तो आत्ता वाढवता येतो.